फ्रान्समधला चौदा जुलै: नवख्यांनी सण कसा पार पाडावा

फ्रान्समध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाला जुलै लागला की प्रश्न पडतो: यांचा राष्ट्रीय सण आलाय, तर आपण नक्की करायचं काय? आपल्या अंगात सव्वीस जानेवारी भिनलेला असतो. सकाळी आंघोळ, इस्त्रीचे कपडे, झेंडावंदन, भाषण, जिलबी आणि दुपारची झोप. हाच साचा घेऊन चौदा जुलैला सकाळी आठ वाजता बाहेर पडलात, तर रस्त्यावर तुम्ही आणि कुत्रा फिरवणारे एखादे आजोबा, एवढेच असाल. आजोबाही तुमच्या इस्त्रीकडे संशयानं बघतील.

इथली रीत वेगळी आहे. राजाविरुद्ध झालेल्या दंग्याची आठवण हे लोक अत्यंत शिस्तबद्ध लष्करी संचलनानं काढतात. संचलनावर किती पैसा उधळला जातो याबद्दल कुरकुर करत तेच संचलन टीव्हीवर शेवटपर्यंत बघतात, आणि मग अग्निशामक दलाच्या जवानांबरोबर पहाटेपर्यंत नाचतात. कुरकुर हा कार्यक्रमाचा अधिकृत भाग नसला तरी सर्वांत जास्त लोक त्यातच भाग घेतात. बाकीच्या गोष्टी मात्र एकाच वर्षी सगळ्या करायला जाऊ नका. नाच, संचलन आणि दारूकाम यांतल्या फार तर दोन निवडा. तिन्ही केलंत तर पंधरा तारखेला कामावर तुमचं फक्त शरीर पोचेल.

जवळ काय ठेवायचं

- पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड, मूळ प्रत. मोबाइलमधला फोटो दाखवून पोलिसांचं समाधान होईलच असं नाही.
- आधीच तिकिटं भरून ठेवलेलं नाविगो, म्हणजे मेट्रो-बसचं कार्ड. रात्री बारा वाजता स्टेशनातल्या यंत्रापुढे रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला यंत्र पहिल्यांदाच दिसत असतं.
- पाच-दहा युरोच्या सुट्या नोटा आणि नाणी.
- प्लास्टिकची किंवा धातूची पाण्याची बाटली. काच चालत नाही.
- जुनी चादर आणि पातळ विंडचीटर. जुलै असला तरी रात्री अकराला सेन नदीकाठी गार वारं सुटतं.
- चालायचे बूट. नवे नकोत.

मोठी बॅग आणि सेल्फी काठी घरी ठेवा. तपासणीच्या जागी त्यांवरून वाद घालायला वेळ जातो आणि मागची रांग तुम्हाला फ्रेंच शिकवते, तेही पुस्तकात नसलेलं.

१. आधी वार बघा

इथले सणप्रेमी पंचांगासारखं कॅलेंडर बघतात. सुट्टी मंगळवारी आली तर सोमवार, गुरुवारी आली तर शुक्रवार जोडून चार दिवसांचा पूल बांधायचा, हा इथला खरा राष्ट्रीय कार्यक्रम. २०२६ मध्ये चौदा जुलै मंगळवारी आहे, म्हणजे पूल तयारच. २०२७ मध्ये तो बुधवारी आहे, आणि बुधवारी आलेल्या सुट्टीबद्दल इथली माणसं जितक्या कळवळ्यानं बोलतात तितकी लुई सोळाव्याबद्दलही बोलत नाहीत. रविवारी आली तर बदली सुट्टी मिळत नाही, तेव्हा शोक आणखी गडद.

नवख्यांची फसगत इथे होते. जोडून घेतलेला सोमवार हक्काचा नसतो. कंपनी देईल तरच, किंवा तुमच्या रजेतून. त्यामुळे साहेबांना मे महिन्यातच विचारून ठेवा, कारण जुलैत विचारलंत तर साहेबच जागेवर नसतील. दुसरं म्हणजे कायद्यानं सगळ्यांना काम बंद ठेवावं लागतं तो दिवस फक्त १ मे. चौदा जुलैला दुकानं उघडी असू शकतात किंवा नसूही शकतात. बेकरीवाल्याच्या दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी हाच अंतिम शब्द. तेरा तारखेला पाव घेऊन ठेवा. चौदाला दुपारी पावाशिवाय अडकलेला फ्रेंच शेजारी तुमच्या दारात आला, तर मैत्रीची त्याहून चांगली संधी वर्षभरात मिळणार नाही.

गाडीनं बाहेर जायचं असेल तर बीझों फ्युते या सरकारी सेवेचा अंदाज बघा. रस्त्यांवरच्या गर्दीला ती हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देते. काळा दिसला की घरीच भजी तळा.

२. वाद कशावर आहे ते जाणून घ्या

जेवणाच्या टेबलावर तुम्हाला कोणीतरी विचारणारच: "आम्ही नक्की कोणता चौदा जुलै साजरा करतो, माहीत आहे का?" उत्तर दिलंत की पुढचा पाऊण तास तुमच्या जिवाला आराम, कारण मग ते आपापसात भांडतात.

थोडक्यात असं. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसकरांनी बास्तीलचा किल्ला घेतला, तेव्हा तो तुरुंग होता. कैदी सोडवायला नव्हे, तर मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. बंदुका त्यांनी त्याच सकाळी इन्व्हालीद या लष्करी वास्तूतून उचलल्या होत्या, पण दारूशिवाय बंदूक म्हणजे काठीच. किल्ल्यात कैदी निघाले सात: चार खोटे दस्तऐवज करणारे, दोन वेडे आणि एक घरच्यांनीच कोंडून ठेवलेला उमराव. राजेसाहेबांच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे "काही नाही". बिचारे शिकारीचा हिशेब लिहीत होते.

बरोबर एका वर्षानं, १४ जुलै १७९० रोजी, शाँ द मार्सच्या मैदानावर देशभरातून आलेल्या लोकांचा मोठा ऐक्यसोहळा झाला. राजानंही राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ घेतली. पुढे १८८० मध्ये राष्ट्रीय दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा बँजामँ रास्पाय या खासदारानं चौदा जुलै सुचवला. काहींना १७८९ चं रक्त नको होतं, त्यांना सेनेटमध्ये सांगण्यात आलं की तुम्ही १७९० धरा. कायद्यात वर्षच लिहिलेलं नाही. ज्याला किल्ला फोडायचाय त्यानं किल्ला फोडावा, ज्याला गळाभेट घ्यायची त्यानं गळाभेट घ्यावी. राजकारणात इतकी सोयीची तडजोड क्वचितच सापडते.

हा कायदा ६ जुलै १८८० चा, आणि पहिला सण त्याच वर्षी १४ जुलैला साजराही झाला. आठ दिवसांत अख्ख्या देशाचा सण उभा राहिला. तुमच्या रहिवासी कार्डाचं नूतनीकरण चालू असताना ही गोष्ट आठवू नका, उगाच त्रास होतो.

३. बास्तील शोधत फिरू नका

किल्ला नाही. पालोआ नावाच्या ठेकेदारानं लगोलग तो पाडायला घेतला आणि त्याच दगडांतून छोट्या बास्तील कोरून देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला पाठवल्या. पर्यटकांना आठवणवस्तू खपवण्याच्या धंद्यात त्याला आद्यपुरुषाचा मान द्यायला हरकत नाही. उरलेले बरेच दगड काँकॉर्दच्या पुलात गेले.

प्लास द ला बास्तील या चौकाच्या मधोमध जो उंच खांब आहे आणि ज्याच्यासमोर उभं राहून सगळे फोटो काढतात, तो १८३० च्या जुलै क्रांतीचा. वेगळी क्रांती, वेगळा राजा. फोटोखाली १७८९ लिहिलंत तर एखादा फ्रेंच सहकारी दुरुस्ती करेलच, आणि अगदी आनंदानं करेल. खरे अवशेष बघायचे तर बास्तील मेट्रो स्टेशनात पाच नंबरच्या मार्गाच्या फलाटावर जा. जुन्या भिंतीचा तुकडा तिथे दिसतो. तिकीट काढलेलंच असतं, वेगळा खर्च नाही.

४. तेरा तारखेची संध्याकाळ मोकळी ठेवा

नवा माणूस चौदाची वाट बघत बसतो आणि सणाचा सर्वांत मजेशीर भाग आदल्या रात्रीच उरकलेला असतो. तो म्हणजे बाल दे पाँपिए, अग्निशामकांचा नाच.

प्रथा अशी सांगतात की १९३७ मध्ये संचलनाहून मोंमार्त्रच्या केंद्राकडे परतणाऱ्या जवानांच्या मागे लोकांचा घोळका चालत आला. जवानांनी दार लावून घेण्याऐवजी उघडं ठेवलं. ते अजून उघडंच आहे. तेरा आणि चौदाच्या रात्री पॅरिसमधली अनेक अग्निशामक केंद्रं आपलं अंगण रिकामं करतात, बंब बाजूला लावतात, दिव्यांच्या माळा सोडतात आणि रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत अख्खा मोहल्ला तिथे नाचतो. रोजच्या आयुष्यात शेजाऱ्याला फक्त "बोंझूर" म्हणणारी माणसं इथे अनोळखी लोकांच्या खांद्यावर हात टाकून बेसूर गातात.

यात अग्निशामकांबद्दलची राष्ट्रीय भक्तीही मिसळलेली आहे. पोलिसांबद्दल, मंत्र्यांबद्दल, रेल्वेबद्दल इथे कोणाचंच एकमत नाही. पाँपिएंबद्दल आहे. पॅरिसचे पाँपिए तर लष्कराचाच भाग. त्यांची पलटण नेपोलियननं १८११ मध्ये उभी केली. व्यायामानं कमावलेली शरीरं, चकचकीत शिरस्त्राणं आणि वर सौजन्य. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनाच फक्त नाचायची हौस असते असं समजू नका.

आता व्यवहाराचं बोलू.

कोणत्या केंद्रात कोणत्या रात्री नाच आहे, याची यादी थोडे दिवस आधी जाहीर होते. काही केंद्रं फक्त तेराला, काही फक्त चौदाला, काही दोन्ही रात्री. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरचं दारूकाम चौदालाच असतं, त्यामुळे तेराला गर्दीचा एक मोठा लोट कमी. शिवाय सुट्टीच्या आदल्या रात्री मेट्रो साधारण सव्वादोनपर्यंत चालते. चौदाची रात्र शुक्रवार-शनिवारची नसेल तर ती सव्वाच्या सुमारास बंद. म्हणून माझं मत तेराच्या बाजूनं.

माऱेमधलं सेव्हिन्ये किंवा पिगालजवळचं ब्लाँश ही केंद्रं प्रसिद्ध आहेत, आणि प्रसिद्ध म्हणजे तासाभराची रांग. साडेनऊच्या आत पोचा, नाहीतर बाहेरच्या वस्तीतलं एखादं कमी नावाजलेलं केंद्र गाठा. मुलं बरोबर असतील तर तर अशाच ठिकाणी जा. संध्याकाळच्या पहिल्या तासांत तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात.

दारात पिंप ठेवलेलं असतं. प्रवेश फुकट असला तरी त्यात पैसे टाकायचे असतात. काही केंद्रं थोड्या युरोंचं तिकीट लावतात. सुट्या नोटा इथे कामाला येतात. पैसा जवानांच्या सोयींसाठी वापरला जातो. पन्नासची नोट पुढे करून "सुटे आहेत का?" असं पिंपाला विचारता येत नाही.

आत प्लास्टिकच्या पेल्याला अनामत असते, बहुधा एक युरो. पेला परत केला की नाणं परत. बहुतेक लोक तो घरी नेतात, म्हणूनच इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वयंपाकघरात कार्यक्रमांचे आठ-दहा पेले सापडतात.

आणि एक शिष्टाचार. नाच रंगात आलेला असताना भोंगा वाजला आणि चार जवान पळत बंबाकडे गेले, तर तो कार्यक्रमाचा भाग नव्हे. वाट द्या. टाळ्या मागाहून.

जाता जाता: हेच लोक हिवाळ्याच्या तोंडावर दारोदार कॅलेंडर घेऊन येतात. तेव्हाही पाच-दहा युरो द्यायचे असतात. जुलैत अंगणात नाचलेला माणूस नोव्हेंबरमध्ये दार न उघडता आत दबा धरून बसला, तर मोहल्ल्यात ते लक्षात ठेवलं जातं.

५. संचलन: रस्त्यावर की सोफ्यावर

संचलन सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतं आणि दुपारी बाराच्या आसपास आटोपतं. आर्क द त्रिआँफ या विजयकमानीपासून प्लास द ला काँकॉर्द या चौकापर्यंत, शाँझेलिझे या हमरस्त्यावरून उतरत. सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष उघड्या लष्करी गाडीतून सैन्याची पाहणी करतात. लोक टाळ्या वाजवतात, काही लोक शिट्ट्या वाजवतात, आणि त्या शिट्ट्या कौतुकाच्या नसतात. २०१९ मध्ये पिवळ्या जाकिटांच्या आंदोलकांनी तेच केलं होतं. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही फक्त बघा.

उभं राहून बघायला तिकीट लागत नाही. मात्र सात-साडेसातला तपासणी पार करून आत नसाल तर तुम्हाला फ्रेंच सैन्याऐवजी एका उंच डच कुटुंबाच्या पाठी दिसतील. काँकॉर्दच्या टोकाला जाऊ नका, तिथे निमंत्रितांचे मंच असतात. आर्कच्या बाजूचा वरचा अर्धा भाग बरा. जवळची मेट्रो स्टेशनं बंद ठेवतात, त्यामुळे एक-दोन स्टेशनं आधी उतरून चालायची तयारी ठेवा.

फक्त विमानं बघायची असतील तर एवढा खटाटोप करूच नका. निळा-पांढरा-लाल धूर सोडणारी पात्रुय द फ्रान्सची, म्हणजे हवाई दलाच्या कसरतपथकाची विमानं पश्चिमेकडून, ला देफाँसच्या बाजूनं येतात. ला देफाँस ते नुईयी या पट्ट्यात रुंद रस्ता आहे, आकाश मोकळं आहे, आणि हातात कॉफी धरून उभं राहता येतं. २०१८ मध्ये एका विमानानं निळ्याच्या जागी लाल धूर सोडला आणि त्याच संचलनात पोलिसांच्या दोन मोटरसायकली एकमेकींवर आदळून राष्ट्राध्यक्षांच्या मंचासमोरच पडल्या. बाकी सगळं अचूक पार पडलं होतं, पण वर्षभर चर्चा या दोनच गोष्टींची.

या विमानांच्या निमित्तानं एक जुना किस्सा सांगतो, म्हणजे इथला रुसवा किती उंच जातो ते कळेल. १९१९ च्या विजय संचलनात वैमानिकांना हुकूम झाला: विमानं नाहीत, पायी चाला. वैमानिकांना तो अपमान वाटला. तेव्हा काही जणांनी ठरवलं की कोणीतरी आर्क द त्रिआँफच्या कमानीतून विमान काढायचं. निवडलेला वैमानिक सरावातच मरण पावला. मग ७ ऑगस्टला शार्ल गोद्फ्रुआ यानं खरोखरच कमानीतून विमान आरपार नेलं. निषेध नोंदवण्याची ही पद्धत सामान्य नागरिकांना उपलब्ध नाही.

संचलनात वाट बघावी अशी तुकडी म्हणजे फॉरेन लीजन, परदेशी माणसांना भरती करून घेणारं फ्रेंच दल. बाकीचे मिनिटाला १२० पावलं टाकतात, हे ८८. त्यामुळे ते मागे असतात, आणि दिसले की सगळी गर्दी गप्प होते. पुढे असतात त्यांचे सॅपर, म्हणजे सैन्यासाठी वाट मोकळी करणारे जवान: छातीभर दाढ्या, चामड्याचे एप्रन, खांद्यावर कुऱ्हाडी. दाढी वाढवायची त्यांना खास मुभा आहे. त्यांच्याआधी दोन टोकांची टोपी घातलेले एकोल पॉलितेक्निकचे विद्यार्थी जातात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तलवार देऊन रस्त्यावर चालवणारा देश म्हणून मला फ्रान्सचं कौतुक वाटतं.

आपल्याकडच्या मंडळींसाठी अभिमानाची नोंद: २००९ मध्ये मनमोहन सिंग प्रमुख पाहुणे होते, तेव्हा शाँझेलिझेवर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान चालले होते. २०२३ मध्ये नरेंद्र मोदी पाहुणे होते आणि पंजाब रेजिमेंट आली होती. गप्पांत हे सांगायला विसरू नका, फ्रेंच लोकांना हे बहुधा आठवत नाही.

सोफ्याचा पर्याय निवडलात तरी कमीपणा मानू नका. टीव्हीवर सगळं नीट दिसतं आणि निवेदक प्रत्येक रणगाड्याचं वजन सांगतो. दुपारी बहुतेक वर्षी इन्व्हालीदच्या मैदानावर सैनिक आणि वाहनं लोकांना भेटायला असतात. मुलांना चिलखती गाडीवर चढायला तिथेच मिळतं. सकाळची झोप झालेली असते, हा वरचा फायदा.

६. दुपार

दुपारी काहीच करायचं नसतं, आणि ते नीट करायचं असतं. बागेत चादर, पाव, चीज, चेरी, थंड गुलाबी वाइन. शाकाहारी असाल तर सावध: कीश या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये बहुधा बेकनचे तुकडे असतात, शेगडीवरची लाल सॉसेज म्हणजे मसालेदार मांसाची मेर्गेझ, आणि "मांस नाही ना?" या प्रश्नाला "नाही, ट्यूना आहे" असं उत्तर मिळू शकतं. दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर न्या. वास आला की चादरीभोवती लोक जमतात.

ज्यांना लोळायचाही कंटाळा असतो ते तूर द फ्रान्सची सायकल शर्यत बघतात. आज तरी फ्रेंच स्वारानं टप्पा जिंकावा अशी चौदा जुलैला सगळ्यांची इच्छा असते. २०१७ मध्ये वॉरन बार्गीयनं तो मान मिळवला. अख्खी शर्यत फ्रेंच माणसानं शेवटची जिंकली १९८५ मध्ये. हा विषय शेजाऱ्याकडे तुम्ही स्वतःहून काढू नका.

लूव्र संग्रहालय चौदा जुलैला फुकट असतं असं सगळे सांगतात. पण मंगळवार हा लूव्रचा साप्ताहिक सुट्टीचा वार, हे कोणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, आधी वार बघा.

७. दारूकाम

सूर्य मावळतो पावणेदहानंतर, म्हणून आयफेल टॉवरचं दारूकाम रात्री अकराला. साधारण अर्धा तास. त्याआधी शाँ द मार्सवर शास्त्रीय संगीताची मोठी मैफल असते, तीही फुकट. गवतावर जागा हवी तर दुपारीच आत जाऊन बसावं लागतं. म्हणजे सहा-सात तास. या काळात मूत्रालयाला जाणं म्हणजे जागेवर पाणी सोडणं, तेव्हा किमान तिघं मिळून जा आणि पाळ्या लावा.

इथे एक गंभीर गोष्ट. १४ जुलै २०१६ रोजी नीसमध्ये दारूकाम बघून परतणाऱ्या गर्दीवर ट्रक घालून ८६ जणांचा जीव घेतला गेला. तेव्हापासून तपासणी कडक आहे. बॅग उघडायला सांगितली तर मुकाट्यानं उघडा, आणि वैतागलेल्या फ्रेंच मित्रालाही दंडाला धरून गप्प करा. स्वतःचे फटाके न्यायचा विचार मनातही आणू नका. दिवाळीची सवय इथे दंडाला पात्र ठरते.

गर्दी नको असेल तर लांबून बघा. बेलव्हिलच्या बागेतून किंवा मोंमार्त्रच्या चढावरून टॉवर दिसतो. आवाज उशिरा पोचतो, पण घरी तुम्ही लवकर पोचता. टॉवरजवळ असाल तर परतीचा नियम एकच: बीर-हाकेम आणि त्रोकादेरोच्या नादी लागू नका. ही स्टेशनं बंद असतात, आणि उघडी असती तरी फलाटावर जाईपर्यंत शेवटची गाडी गेली असती. पास्तर किंवा मोंपार्नासच्या दिशेनं सरळ अर्धा-पाऊण तास चाला. बरोबर चालणारे हजारो लोक दारूकाम गेल्या वर्षी कसं जास्त चांगलं होतं याबद्दल बोलत असतात. ते दर वर्षी तसंच बोलतात.

८. पॅरिसबाहेर असाल तर

तर तुम्ही नशीबवान. छोट्या गावातला चौदा जुलै खरा घरचा. तेराच्या संध्याकाळी मुलं कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात, मागे बँड. चौदाला महापौर, म्हणजे बऱ्याच गावांत आपल्या ओळखीचा एखादा शेतकरी किंवा निवृत्त मास्तर, तिरंगी पट्टा आडवा बांधून स्मृतिस्तंभावर पुष्पचक्र वाहतो, छोटं भाषण करतो आणि नगरपालिकेतर्फे सगळ्यांना एक-एक पेला वाइन मिळते. भाषणाला लोक थोडे असतात, वाइनला गाव लोटतं. मग पेताँक या धातूचे गोळे टाकायच्या खेळाच्या स्पर्धा, लांबलचक टेबलांवर सहभोजन, अकॉर्डियन आणि नाच.

सहभोजनाला नाव आधी नोंदवावं लागतं. नगरपालिकेच्या दाराशी किंवा बेकरीच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर शेवटची तारीख असते. न नोंदवता गेलात तर कोणी हाकलणार नाही, पण शिंपल्यांची थाळी मोजून आणलेली असते.

गावांचं दारूकाम तेरालाही असतं आणि चौदालाही. शेजारची गावं मुद्दाम वेगवेगळ्या रात्री ठेवतात, म्हणजे दोन्ही बघता येतात. दक्षिणेत उन्हाळा कडक असला की वणव्याच्या भीतीनं ते ऐन वेळी रद्द होतं, तेव्हा निघण्याआधी खात्री करा. दक्षिणेतच असाल तर कार्कासोनचा जुना तटबंदीचा गाव उजळतो तो सोहळा बघा. १८९८ पासून चालू आहे आणि माझ्या मते आयफेल टॉवरपेक्षा सरस. फक्त हॉटेल हिवाळ्यातच ठरवा.

झेंडे कुठेच फारसे दिसत नाहीत म्हणून चक्रावू नका. नगरपालिकेवर असतात, पॅरिसच्या बसगाड्यांच्या टपावर छोटे-छोटे असतात, आर्कच्या कमानीत एक प्रचंड मोठा असतो. घराच्या खिडकीतून झेंडा बाहेर येतो तो फुटबॉलसाठी. १५ जुलै २०१८ रोजी विश्वचषक जिंकला तेव्हा शाँझेलिझेवर आदल्या दिवशीच्या संचलनाला लाजवेल एवढे झेंडे होते.

९. पंधरा तारीख

कामाचा दिवस. निदान कागदोपत्री. तुम्ही ई-मेल पाठवाल आणि उत्तर येईल की संबंधित व्यक्ती ऑगस्टअखेर परतेल, तातडीचं असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा. त्या सहकाऱ्याकडूनही तसंच उत्तर येईल, त्यात पहिल्या व्यक्तीचा पत्ता असेल. म्हणून घरभाड्याचा करार, बँकेचं खातं, विद्यापीठाचा शिक्का, दातांचा डॉक्टर, जे काय असेल ते दहा जुलैच्या आत उरका. राहिलंच तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला दारात उभे राहा. रांगेत तुमच्यापुढे कोणीतरी असेल, आणि तो यंदा चौदा जुलै कुठल्या वारी आला होता याबद्दलच कुरकुरत असेल.